चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं?

उंबरठा

पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. आम्हा भावंडांचं ठरलंय की नातवंडांसाठी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची. घरात लिहायची सवय मला एकटीला, म्हणून काम माझ्याकडे आलं. पंधरा दिवस झाले, दोन ओळींवर अडलेय. "बाबा मेकॅनिक होते. त्यांनी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या." पुढे काय?

त्यांनी कधी भाषण केलं नाही, पत्रं लिहिली नाहीत, कुठल्या समितीवर बसले नाहीत. फोटो एकूण सात. त्यातल्या तीनांत ते गाडीखाली आहेत, नुसते पाय दिसतात. दादा म्हणतो, "साधा माणूस होता, साधंच लिही. एका पानात बसेल." त्याने प्रेमानेच म्हटलं, पण मला ते लागलं. चाळीस वर्षं रोज सकाळी गॅरेजचं शटर वर करणारा माणूस एका पानात कसा बसेल? आणि दुसऱ्या पानावर काय लिहू, हे मात्र मलाही सुचत नाही. कारण त्यांचं काम झालं की ते दिसेनासंच व्हायचं. गाडी सुरू झाली, गाडीवाला गेला. दुरुस्ती चांगली झाली याचा पुरावा एवढाच, की पुढे काही घडत नाही.

हाताशी एकच गोष्ट आहे, त्यांच्या लांबट वह्या. डावीकडे गाडी, मध्ये तक्रार, उजवीकडे उधारी. तक्रारी त्यांच्या भाषेत, तीन-चार शब्दांत. "चढाला दम लागतो." "सकाळी रुसते." "मिसिंग मारते." "डावीकडे ओढते." काही ओळींपुढे पेन्सिलीने बारीक गोल काढलाय. काही गोल पोकळ, काही भरलेले. उधारी फिटल्याची खूण म्हणावी तर ती वेगळी आहे, तिथे आडवी रेघ आहे. आईला विचारलं, तिला माहीत नाही.

ज्यांच्या घरात असा हाताने काम करणारा माणूस होता, त्यांना विचारतेय. तुम्ही काय जपलंत? कुणाला विचारलंत? आणि त्या गोलांबद्दल कुणाला काही सुचलं तर तेही सांगा.

चौदापंधरा

ताई, मी याच धंद्यात तीस वर्षं हात काळे केलेत. धागा वाचून राहवलं नाही.

दादांना एकदा इंजिनचं काम बघायला शेजारी बसवा. इंजिन उतरवलं की पहिली गोष्ट म्हणजे घाई सोडायची. स्वच्छ फडकं पसरायचं आणि जो भाग निघेल तो निघाल्या क्रमाने मांडत जायचा. ज्या सिलिंडरचा पिस्टन त्याच सिलिंडरला परत, कारण ते दोघं एकमेकांना घासून एकमेकांचे झालेले असतात. पिस्टनच्या रिंगा चढवताना त्यांची तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेली हवा, त्या फटीतून सरळ खाली पळतं. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, नट एका कडेने आवळत जायचे नाहीत. मधून सुरुवात, मग समोरासमोरचे, आणि तेही एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत. नाहीतर हेड वाकतं आणि गॅस्केट महिन्याभरात जातं.

सगळ्यात शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिनातली झडप, दाबून उघडणारा भाग. लोखंड तापलं की वाढतं, म्हणून व्हॉल्व्हच्या दांड्यावर केसाएवढी फट ठेवावी लागते. फट जास्त ठेवली की टकटक ऐकू येते. कमी ठेवली की आवाज छान येतो, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. म्हणजे कानाला गोड लागणारं इंजिन आतून मरत असू शकतं. ती फट फिलर गेजच्या पात्याने मोजतात. पातं अडकायला नको, सैल सरकायलाही नको, किंचित धरल्यासारखं लागायला हवं. हे 'किंचित' बोटांत यायला मला दोन वर्षं लागली.

तेव्हा माझं मत, त्यांनी बांधलेलं एखादं इंजिन शोधा. अजून चालत असेल तर तेच पहिलं प्रकरण.

गोल म्हणजे ऑइल बदलल्याची खूण असावी.

निळा_धूर

गोल म्हणजे पंक्चर! चाकासारखा दिसतो की नाही? पोकळ म्हणजे हवा गेलेली, भरलेला म्हणजे हवा भरलेली. पैज लावतो.

मधलीसुट्टी

वाचतेय. सुंदर धागा.

गणिताची_बाई

मी वेगळं बोलणार आहे, उंबरठा, राग मानू नकोस.

माझे वडीलही मेकॅनिक. ते गेल्यावर आमच्याकडेही असंच लिहून झालं. 'कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल, सर्वांच्या मदतीला धावणारे.' वाचलं आणि मला माझे वडील त्यात कुठेच भेटले नाहीत. ते रात्री यायचे तेव्हा बोलायची ताकद उरलेली नसायची. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की जेवणावरून उठून जायचे, आणि आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला मात्र वेळ मिळायचा नाही. परक्याच्या क्लचप्लेटसाठी असलेला धीर आमच्या पाढ्यांसाठी नसायचा. मला याचा फार राग होता.

प्रगतिपुस्तकावर सही करताना बोटांचे ठसे उमटायचे. किती धुतलं तरी रेषांमधलं काळं जात नसे. वर्गात मी ते पान झाकून धरायची. आज ते प्रगतिपुस्तक माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, आणि घरातली दुसरी कुठलीही वस्तू मला इतकी मोलाची नाही. पण ती लाज आधी होती, हे लिहिल्याशिवाय त्या ठशाला अर्थ नाही.

'कुटुंबवत्सल' लिहू नकोस. त्यांनी घरात काय केलं ते लिही, आणि काय केलं नाही तेही.

उंबरठा

गणिताची_बाई, राग कसला. दोन दिवस तुमचं हेच डोक्यात आहे.

बाबाही कार्यक्रमांना आले नाहीत. माझ्या एका बक्षीस समारंभाला आले होते ते समारंभ संपल्यावर, कामाच्या कपड्यांतच, आणि फाटकाबाहेर उभे राहिले. आत का आला नाहीत विचारलं तर म्हणाले, "खुर्चीला डाग पडला असता." तेव्हा मी रडले होते. आता ते वाक्य आठवलं की गलबलून येतं, पण तेव्हाचं रडणंही खरंच होतं.

आणि घरात काय केलं याचा विचार करताना एक गोष्ट वर आली. बाबा कुठलंही झाकण लावताना आधी उलटं फिरवायचे. औषधाची बाटली असो, बरणी असो, नळाची तोटी असो. आधी हलकेच उलटं, मग एक बारीकशी 'टक' बोटांना जाणवायची, आणि मगच सुलटं. आईचे हात संधिवाताने दुखायला लागले तेव्हा त्यांनी तिला हे शिकवलं. तिच्या हातून बाटलीचं झाकण नेहमी तिरपं बसायचं आणि मग निघता निघायचं नाही. रात्री स्वयंपाकघरात उभं राहून ते तिच्या बोटांवर बोटं ठेवून झाकण फिरवून घेत होते, "थांब, उलटं... आलं? आता जा पुढे." मी दारातून पाहिलं होतं. त्यांना एकमेकांचा हात धरलेलं मी त्याशिवाय कधी पाहिल्याचं आठवत नाही.

चौदापंधरा

ताई, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. नट लावताना आधी उलटा फिरवायचा. आट्याचं तोंड तोंडाला आलं की नट किंचित खाली पडतो, ती 'टक'. तिथून सुलटा घेतला की तिरपा चढत नाही. घाईने पाना लावून सरळ आवळणाऱ्याचे आटे जातात आणि मग सगळं वाढून बसतं. हे पुस्तिकेत हवंच.

नवशिका

मला हा धागा आवडतोय, पण एक खटकतंय. जुन्या मेकॅनिकबद्दल बोलताना आपण त्याला जादूगार करून टाकतो. 'नुसत्या आवाजावरून ओळखायचे' वगैरे. मी ऑटोमोबाइलचा कोर्स केलाय, रोज स्कॅनर वापरतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-टू सॉकेट, म्हणजे स्कॅनर जोडून बिघाडाचा कोड वाचायची जागा, सक्तीचा झाला, आणि आता असे कोड सगळीकडे चालतात. पी०३०१ आला की पहिला सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नाहीये. इथे कान लावायचा प्रश्नच नाही. जुन्या पद्धतीत अंदाजाने पार्ट बदलत बसणारेही खूप होते, ते कुणी आठवत नाही.

चौदापंधरा

नवशिका, अंदाजाने पार्ट बदलणारे होते, हे शंभर टक्के मान्य. तसे स्कॅनर हातात घेऊनही आहेत.

पहिला सिलिंडर चुकतोय हे कोडने सांगितलं. का चुकतोय? ठिणगीचा प्लग, कॉइल, इंजेक्टर, कुठून तरी हवा ओढतोय की व्हॉल्व्हच बसत नाहीये? तिथून पुढे माणूसच लागतो. मी पहिल्यांदा प्लग काढून त्याचा रंग बघतो. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जातंय. ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक असेल तर आत जास्त तापतंय. ही जादू नाही. मोठ्यांनी लावलेली सवय आहे.

निळा_धूर

माझं नाव इथे कामी येतं म्हणून लिहितो. मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त. आणि गाडी तापल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. हे मला बारा वर्षांचा असताना माझ्या मामाने शिकवलं. मामा गेला, मी गाडीच्या मागे उभा राहून अजून धूर बघतो.

कानोसा

आवाजाबद्दल मला बोलायलाच हवं, कारण कारखान्यातल्या यंत्रांची कंपनं मोजणं हा माझा व्यवसाय आहे.

मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो, हे बहुतेकांनी पाहिलं असेल. त्यामागे चोख विज्ञान आहे. इंजिनाभोवती हवेत सगळे आवाज मिसळलेले असतात. दांडा टेकवला की त्या जागेचं कंपन पोलादातून थेट कानाच्या हाडापर्यंत येतं आणि आजूबाजूचा गोंगाट मागे पडतो. बेअरिंगवर टेकवलं तर बेअरिंग बोलतं, पंपावर टेकवलं तर पंप. मी हेच काम सेन्सरने करतो.

आणि आवाजाची लय मोजता येते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. त्यामुळे टॅपेटची टक इंजिनाच्या निम्म्या गतीने पडते. तळाचं बेअरिंग ठोकायला लागलं तर त्याची लय वेगळी, आवाज जाड, आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढतो. जुना मेकॅनिक हे आकडे सांगत नसेल, पण 'हे वरचं आहे' आणि 'हे खालचं आहे' एवढं तो शांतपणे सांगायचा, आणि तेच निदान असायचं.

नवशिका

हे पटलं. निम्म्या गतीचं कुणी असं समजावलं नव्हतं. उद्या दांडा लावून बघतो.

पाऊलवाट

थोडं अवांतर, पण मूळ प्रश्नाला धरूनच.

विमानाचा शोध म्हटलं की राइट बंधू. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं. पण त्या विमानाचं इंजिन कुणी बनवलं? त्यांच्या सायकलच्या दुकानात काम करणाऱ्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने. मोटार कंपन्यांकडून हवं तसं हलकं इंजिन मिळेना, तेव्हा टेलरने लेथ, ड्रिल आणि हातातली हत्यारं घेऊन सुमारे सहा आठवड्यांत ते तयार केलं. चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचं क्रँककेस, बारा अश्वशक्तीच्या आसपास. टेलर १९५६ मध्ये गेले, आणि बराच काळ त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आता अमेरिकेत त्यांचा जन्मदिवस, २४ मे, विमानांच्या मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात.

हे वाचलं तेव्हापासून मला वाटतं की उडणाऱ्याचं नाव राहतं आणि उडवणाऱ्याचं कुणीतरी मुद्दाम लिहावं लागतं. उंबरठा, तुम्ही मुद्दाम लिहिताय, हे फार चांगलं करताय.

मधलीसुट्टी

आणि बर्था बेंझ! १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्यांची मोटार घेऊन गेली, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. रस्त्यातली दुरुस्ती करणाऱ्यांत ती अगदी पहिल्यांपैकी म्हणायला हवी.

निळा_धूर

माझ्या मामाकडे टोपीची पिन असती तर निम्मे कार्बोरेटर तिनेच साफ झाले असते. त्याने मामीच्या केसांतल्या पिना संपवल्या होत्या.

नाडी

मी डॉक्टर आहे. अशा आठवणींत शरीर नेहमी राहून जातं, म्हणून लिहितेय.

ब्रेकच्या लायनिंगमध्ये कित्येक दशकं ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. ड्रम उघडला की आतली भुकटी हवेच्या नळीने उडवून द्यायची, ही रीत. त्या तंतूंमुळे होणारे आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतात, तेव्हा कुणाला ब्रेक आठवत नाही. पेट्रोलमध्ये १९२० च्या दशकापासून शिसं मिसळत, रस्त्यावरच्या वाहनांसाठी ते विकणं सगळ्यात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये थांबवलं. वापरलेल्या ऑइलचा कातडीशी रोजचा संपर्कही घातक. आणि कान. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही मर्यादा मानतात. पत्र्यावर हातोडी त्याच्या कितीतरी वर जाते. गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती वरच्या पट्टीतून जाते. बारीक, टोकदार आवाज आधी ऐकू येईनासे होतात. माणसाला स्वतःला ते लवकर कळत नाही.

हे घाबरवायला लिहिलेलं नाही. त्या कामाची किंमत त्यांनी कशात मोजली, हेही त्यांच्या आयुष्यात धरा.

उंबरठा

नाडी, तुमचा प्रतिसाद वाचून मी वही मिटून ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले. शेवटची सात-आठ वर्षं बाबा बोलताना डावा कान पुढे करायचे. आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायचो, कधीकधी चिडून. वयाने होतं, असं समजून सोडून दिलं. कुणी त्यांना तपासायला नेलं नाही, मीही नाही.

हे मी पुस्तिकेत लिहिणार आहे.

शेवटचाआटा

गेले आठ दिवस नुसता वाचतोय. मी गॅरेजमधला 'पोरगा' होतो. चौदाव्या वर्षी लागलो, आता माझं स्वतःचं गॅरेज आहे.

पहिलं वर्षभर फक्त धुणं. डिझेलमध्ये ब्रश बुडवून पार्ट धुवायचे आणि उस्ताद मागतील तो पाना हातात द्यायचा. दहा-अकरा म्हटलं की दहा-अकरा, बघायला गेलो तर उशीर झाला. दुसऱ्या वर्षी एकदा हेडचा स्टड माझ्या हातून तुटला. जास्त आवळला. गाडीवाला तिथेच बसलेला. माझे पाय लटपटायला लागले. उस्ताद उठले, त्यांनी बघितलं आणि गाडीवाल्याला म्हणाले, "स्टड गेलाय, बदलून देतो, संध्याकाळी या." गेलाय म्हणाले, पोराने तोडला नाही म्हणाले. पैसे घेतले नाहीत. रात्री उशिरापर्यंत त्यांनी तो तुटका तुकडा भोक पाडून काढला, मला शेजारी बसवून, कंदिलासारखा बल्ब माझ्या हातात देऊन. एक शब्द बोलले नाहीत. तुकडा निघाला तेव्हा तो माझ्या तळहातावर ठेवला. अजून माझ्याकडे आहे.

उंबरठाताई, तुम्ही घरात शोधताय. तुमच्या बाबांच्या हाताखालची पोरं शोधा. बापाने पोरीला जे सांगितलं नसेल ते उस्तादाने पोराला सांगितलेलं असतं, कारण आम्ही दिवसाचे बारा तास बरोबर. तो गोल काय आहे ते त्या पोरालाच माहीत असेल.

गणिताची_बाई

शेवटचाआटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

उंबरठा, एक सावधगिरीची सूचना. वहीची पानं जशीच्या तशी छापू नकोस. उधारीत लोकांची नावं असतील. ज्यांनी दिलं नाही ते द्यायला जमलं नाही म्हणूनही असेल. तुझ्या बाबांनी चारचौघांत कुणाला मागितलं नसेल तर आपणही मागू नये.

पाऊलवाट

पण उधारीच काढून टाकली तर ते कसे होते हे कसं कळणार? नावं झाकून आकडे ठेवता येतील.

उंबरठा

आकडेही नको. मी ठरवलं. फक्त मधला रकाना छापणार. तक्रारी. नाव नाही, नंबर नाही. "चढाला दम लागतो" एवढंच. चाळीस वर्षांच्या तक्रारी एकाखाली एक.

उंबरठा

(बारा दिवसांनी लिहितेय.)

शेवटचाआटा, तुमचं ऐकलं. बाबांच्या हाताखाली सगळ्यात जास्त वर्षं काढलेला मुलगा सापडला. मुलगा कसला, त्याला आता नातू आहे. वही पुढे ठेवली तर त्याने गोलावर बोट ठेवलं आणि लगेच म्हणाला, "परत ऐकायची."

काम झालं, गाडी गेली, पण बाबांचं समाधान झालं नसेल तर ते पोकळ गोल काढायचे. आठ-दहा दिवसांनी ती गाडी रस्त्यात दिसली की थांबवायचे, किंवा स्वतः चालत जायचे. "सुरू करा जरा, ऐकायचंय." पैशाचा विषय नाही. ऐकून पटलं की घरी येऊन गोल भरायचे. रविवारी संध्याकाळी बाबा पायी कुठे जायचे, हे आम्हाला लहानपणापासूनचं कोडं होतं. आईला वाटायचं पाय मोकळे करायला जातात.

मग त्याने शेवटची वही उघडली. आधीच्या वह्यांत पानाला एखादा गोल आहे. शेवटच्या वहीत जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे आहे. मी विचारलं, असं का? तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "उस्तादांना बारीक टकटक ऐकू येईनाशी झाली होती. मला म्हणायचे, तू ऐक. मी ऐकून सांगायचो, बरोबर आहे. तरी गोल काढायचे." शेवटी शेवटी ते इंजिनाच्या कव्हरवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे.

घरात कुणाला सांगितलं नाही त्यांनी.

शेवटच्या दोन पानांवरचे गोल पोकळच आहेत. सतरा. त्यातल्या बहुतेक गाड्या विकल्या गेल्या, कुठे गेल्या माहीत नाही. एक सापडलं. गाडी नव्हे, शेतावरचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन, एक सिलिंडरचं. वहीत लिहिलंय, "पाणी कमी फेकतो, पूर्ण बांधला." मी काल तिथे गेले. त्यांनी हँडल मारून सुरू करून दिलं. मी फोन जवळ धरून चाळीस सेकंद रेकॉर्ड केलंय, इथे जोडतेय. मला यातलं काही कळत नाही. चौदापंधरा, तुम्ही ऐकाल का?

चौदापंधरा

हेडफोन लावून पाच वेळा ऐकलं. नातवाला घरात गप्प बसवून.

खालून काही आवाज नाही. बेअरिंग, पिस्टन शांत. जळण सारखं पडतंय, धक्का प्रत्येक वेळी तेवढाच. चांगलं बांधलंय ताई, अगदी मन लावून बांधलंय. वरती मात्र एक टॅपेट सैल झालाय. चालून चालून होतो, त्यात त्यांची चूक नाही.

कानोसा

मीही रेकॉर्डिंग संगणकावर टाकून पाहिलं. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास आहे, म्हणजे सेकंदाला २५. बारीक टक सेकंदाला साडेबारा. निम्मी गती. सिलिंडरमधला स्फोटही त्याच लयीत होतो, पण तो जाड आवाज आहे, ही टक त्याच्यावर वेगळी उठून दिसते. एकच व्हॉल्व्ह. चौदापंधरांचं निदान बरोबर.

नवशिका

मला तीन वेळा ऐकल्यावर सापडली ती टक. आता ऐकू येतेय.

उंबरठा

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पुस्तिकेची चौतीस पानं झाली आहेत. दादाला काल वाचायला दिली, तो अजून परत द्यायला आलेला नाही.

चौदापंधरा, एकच विचारायचं होतं. पेन्सिल समोर आहे. त्या इंजिनाच्या ओळीपुढचा गोल मी भरू का?

चौदापंधरा

आत्ता नको. आधी टॅपेट लावून घ्या, इंजिन थंड असताना. आठ दिवस चालू द्या. मग परत जाऊन ऐका आणि भरा.